चंद्राच्या पोटातला माझा शोध

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. थोर संशोधक ठेवतातच. धंदा फ्रिज दुरुस्तीचा, पण डोकं चंद्रावर. तिथे ठेवलेल्या कंपमापकांच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत. चंद्राच्या खोल पोटात धक्के बसतात. त्यांच्या काही लाटा तळाशी पोचेपर्यंत दमतात. म्हणजे आत अर्धवट वितळलेलं काहीतरी आहे. सगळं स्वतः शिकलो. कॉलेजची पायरी न चढता.

११ जानेवारी
सापडलं! बारीक धक्के, एकाच जागचे, दर महिन्याला. खोलवरचे धक्के महिन्याच्याच हिशोबाने येतात. म्हणजे हा नवा, खोलवरचा उगम. इतक्या वर्षांत कुणाला दिसला नाही! हिला सांगितलं. ही म्हणाली, समोरच्या काकूंचा फ्रिज दुकानात आ वासून पडलाय, त्याच्या पोटात कधी बघणार?

१९ जानेवारी
मुलगी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. पुढच्या महिन्यात कायम व्हायची आहे. तिने विभागात माझं व्याख्यान ठरवलं. म्हणाली, बाबा, आधी मला तरी आलेख दाखवा. नाही दाखवले. सरप्राइज.

२ फेब्रुवारी, सकाळ
कोट घातला. बटण लागत नाही; उघडाच बरा दिसतो. सावकाश बोलायचं. प्राध्यापकांना झेपलं पाहिजे.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
सुरुवात उत्तम. मग विभागप्रमुखांनी विचारलं, तिथे सूर्य महिन्यातून एकदाच उगवतो; हे धक्के तो उगवला की येतात का? म्हणालो, अचूक ओळखलंत! ते म्हणाले, मग ते पोटातले नाहीत. माणसं ज्या यानातून उतरली, त्याचा खालचा सांगाडा अजून कंपमापकांजवळच उभा आहे. ऊन लागलं की पत्रा तडतडतो.
मागे कुणीतरी हसलं. पत्रा तापला की वाजतो, हे मला सांगावं लागलं. मला!
तेवढ्यात मुलगी उठली. म्हणाली, सर, चूक माझी. धक्क्यांच्या वेळा मी तपासून दिल्या होत्या, बाबांनी विश्वास ठेवला.
सर तिला म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.
माइक माझ्याच हातात होता. पाणी प्यायलो.

३ फेब्रुवारी
सरांना फोन करून खरं काय ते सांगायचं. सकाळी ते तासावर असतील. दुपारी.
दुपारी माणूस जेवून पडलेला असतो. उद्या नक्की.

९ फेब्रुवारी
मुलीचा फोन. कायम करायचं पुढच्या वर्षी बघू, असं सर म्हणाले. म्हणाली, बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं.
मी म्हणालो, बरं.