कधी न विंचरलेले केस

प्रिय कल्याणी,

विमानाची तिकिटं महाग झाली म्हणून तू पोरीला घेऊन या थंडीत येत नाहीस, असं तुझी आई सांगते. सत्यशीलेला खोटं बोलायला कुठं येतं? बोलायच्या आधीच पदर चाचपायला लागते. खरं काय ते मी तुझ्या भावाकडून, राकेशकडून काढून घेतलं. जिथं आजी पोरीच्या डोक्याला वस्तरा लावेल, त्या घरात मी तिला आणणार नाही, असं फोनवर म्हणालीस म्हणे. चौथीत शाळा सुटलेली बाई लिहितेय, अक्षराला हसू नकोस. गुडघे गेलेत, पाणी दिवसाआड येतं, बाकी मी होते तशीच आहे.

तू धाडलेले तिकडच्या चित्रांच्या प्रदर्शनाचे फोटो राकेशने कम्प्युटरवर दाखवले. काळ्या बायका, भिंतभर मोठ्या, नि केस पिंजलेल्या कापसासारखे चहूकडे उभे. मी म्हटलं, यांच्या घरात फणी नाही का रे? तर म्हणतो, आजी, फणी आहे, त्यांना लाज वाटत नाही एवढंच. कार्टं तुझ्यावर गेलंय. शेवटच्या फोटोत छतापासून जमिनीपर्यंत सरळ काळे केस लोंबत होते. खालची पाटी त्याने वाचून दाखवली. तिकडच्या बायका स्वतःचे केस झाकायला असले केस विकत घेतात, ते जातात आपल्याकडून. त्या चित्रवालीची आई जन्मभर तसल्या केसांचा टोप घालून कामाला गेली. मी म्हटलं, पुढचा दाखव. पुढचा नव्हता.

वीस वर्षं विश्रांतवाडीच्या गल्ल्यांतून मी केसांवर भांडी देत फिरले, तुला माहीत आहे. बायका विंचरताना गळलेलं गुंतवळ पिशवीत साठवायच्या. लांब, सरळ केसांना पातेलं. कुरळ्यांना चमचासुद्धा नाही, व्यापारी हातच लावायचा नाही. दिवसभर हे बघून घरी यावं, तर दारात तू, डोक्यावर काथ्या घेऊन. वाटायचं, या पोरीचं कसं व्हायचं? वस्तरा फिरवला की पुढचे केस सरळ येतात, असं सगळ्याच म्हणायच्या. म्हणून महिपती न्हाव्याला बोलावलं. एकदा नाही, चारदा. चौथ्या वेळी तू तिसरीत होतीस. स्कार्फ बांधून शाळेत गेलीस नि पोरांनी तो ओढला. घरी येऊन रडली असतीस तर बरं झालं असतं. तू माझ्या टोपलीतलं गुंतवळ काढलंस नि ते डोक्यावर धरून मोरीच्या आरशात बघत राहिलीस. माल खराब होईल म्हणून मी तुला धपाटा घातला. पाठीत, जोरात. मला वाटलं होतं तू विसरली असशील.

केस आले ते कुरळेच आले.

आता आळंदी रस्त्याला जिकडे तिकडे पार्लरं झालीत. तुमच्या कंपन्यांतल्या पोरी पगार झाला की चार-चार तास खुर्चीत बसून केसांना इस्त्री करून घेतात. मी येता-जाता काचेतून बघते. पूर्वी बरं वाटायचं, आता नुसती दमते.

माफी मागायला हे लिहिलं असं समजू नकोस, ते मला या वयात जमायचं नाही. पण एका फोटोत तुझी पोर त्या भिंतीवरच्या बाईसमोर उभी आहे, अगदी तुझं डोकं घेऊन. मधोमध सरळ भांग, दोन्हीकडे गुच्छ, नि पोर खुशाल हसतेय. तो भांग तू कसा पाडलास? केस ओले असताना, की वाळल्यावर? तेल आधी, की मागून? मला खरंच ठाऊक नाही. तुझे केस मी कधी विंचरलेच नाहीत गं, विंचरण्याएवढे होऊच दिले नाहीत. ये, पोरीला पुढ्यात घेऊन बस, मी समोरून बघेन. तू सांगितलंस तरच हात लावीन.

वाट बघणारी, पण रडणार नाही अशी,
तुझीच आजी