दोन्ही बाजूंना दिलेला शब्द

मंगळवार, ३ सप्टेंबर
मुलगा ट्रोल्स व सून सिसेल दुपारी कॉफीला आली होती. सिसेलची शिफ्ट बदलली आहे. सबब उद्यापासून दर बुधवारी नात व्हिगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे राहणार. माझ्या दिनक्रमात यामुळे व्यत्यय येणार आहे. परंतु मी मान्यता दिली.

सिसेलने मला बजावले, "एव्हाल्ड, व्हिगा व्हीगन आहे. जनावराचं काही म्हणजे काही द्यायचं नाही. शब्द द्या." मी उभे राहून, हात मिळवून शब्द दिला. ट्रोल्स माझ्या गाडीचे टायर पाहण्याच्या निमित्ताने मागे राहिला व हळूच म्हणाला, "बाबा, पोर पार काडी झालीय. अधूनमधून कलेजीची पोस्टाय देत जा. सिसेलला मात्र कळू देऊ नका." त्यालाही शब्द दिला.

दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. आता दोन्ही पाळणे आले.

निश्चय : नवरा-बायकोच्या वादात पूर्णतः तटस्थ राहणे.

बुधवार, ४ सप्टेंबर
सिसेलने डबा दिला होता. चण्याचे वाटण, गाजर, पाव. पाव कोरडा होता, म्हणून वाटणाखाली लोणी लावले. चावल्यावर दातांचे ठसे उमटतील इतके. लोणी म्हणजे जनावर नव्हे. ते डेअरीतून येते. डुकरांच्या कत्तलखान्यात मी उभा जन्म काढला आहे. जनावर कशास म्हणावे, हे मला सुनेकडून शिकण्याची आवश्यकता नाही.

व्हिगाने सर्व खाल्ले. मग आम्ही पत्ते खेळलो. ती लबाडी करते. मी दुर्लक्ष केले.

बुधवार, ११ सप्टेंबर
सकाळीच पोस्टाय भाजून ठेवली. डुकराची कलेजी, चरबी, कांदा, मिरी, सगळे एकत्र वाटून. काळ्या पावावर जाड थर, वर बीटचे लोणचे. व्हिगाने विचारले, "आजोबा, हे डुक्कर आहे का?" मी सांगितले की होते, आता नाही. हे अक्षरशः सत्य आहे. तिने त्याचे नाव विचारले. नाव नसते, शिक्का असतो, असे मी स्पष्ट केले. तिने जरा विचार करून त्याचे नाव ओला ठेवले व दोन तुकडे खाल्ले.

"आईला सांगायचं का?" असे तिने विचारले. खोटे बोल, असे मी मुळीच म्हटले नाही. आईला उगाच त्रास कशाला, एवढेच म्हणालो.

रविवार, १५ सप्टेंबर
त्यांच्याकडे जेवण. मसुराचे गोळे व उकडलेले बटाटे. गोळे केवळ शिष्टाचार म्हणून तीनदा घेतले.

व्हिगा तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाणार, तेथे सॉसेज असणार, यावरून ठिणगी पडली. सिसेल म्हणाली, "लग्नाआधी तूच टोफू तळून आणायचास की नाही मला?" ट्रोल्स म्हणाला, तेव्हा तो प्रेमात होता, आता त्याला भूक लागते. "मग जा ना बाबांकडे राहायला," असे ती म्हणाली. "जाईन की, पण पोरीला घेऊन जाईन," असे तो म्हणाला.

व्हिगा टेबलाखाली शिरली. सिसेल माझ्याकडे वळून म्हणाली, "एव्हाल्ड, तुम्हीच सांगा आता." बटाटे उत्तम शिजले आहेत, असे मी सांगितले. तटस्थता टिकली.

बुधवार, २५ सप्टेंबर
समाधानाचा दिवस. शाळेतील नर्सने व्हिगाचे वजन केले. ते वाढले आहे. सिसेलचा फोन आला. कडधान्याने वजन वाढते हे आता तरी ट्रोल्सला पटेल, असे म्हणाली व तिने माझे आभार मानले. थोड्या वेळाने ट्रोल्सचा फोन आला. "पोस्टायची कमाल बघितलीत ना, बाबा?" असे म्हणून त्यानेही आभार मानले. आता तो सिसेलपुढे एक पाऊलही मागे हटणार नाही म्हणे. तीही हटणार नाही, असे तिने सांगितलेच होते.

दोन्ही पक्ष ज्याच्यावर संतुष्ट आहेत असा मनुष्य विरळा. हीच पद्धत पुढे चालू ठेवावी.

बुधवार, २ ऑक्टोबर
व्हिगाने आज ताट पुढे येताच विचारले, "आजोबा, इथे मी कोण आहे?" प्रश्न नीटसा समजला नाही. ती म्हणाली, "घरी मी व्हीगन असते. बाबाच्या गाडीत मला सॉसेज आवडतं. तुझ्याकडे मला ओला आवडतो. कुठे काय आवडतं ते लक्षात ठेवून ठेवून मला दमायला होतं."

मुले हल्ली उशिरा झोपतात. सिसेलला याबद्दल सौम्य शब्दांत सांगावे.

बुधवार, ९ ऑक्टोबर
व्हिगाने डबा उघडला नाही. पोस्टायलाही हात लावला नाही. पोट दुखते म्हणाली. शाळेत काही खाल्ले असावे. पत्तेही नको म्हणाली. कोट अंगात ठेवूनच खिडकीशी बसून राहिली.

अन्न वाया जाऊ नये म्हणून दोन्ही मी संपवले. चण्याचे वाटण लोण्यासह बरे लागते.

शनिवार, १२ ऑक्टोबर
ट्रोल्स व सिसेल न कळवता आली. सोफ्यावर शेजारी शेजारी बसली. काल जेवताना व्हिगा रडली व तिने सर्व सांगितले : गाडीतील सॉसेज, माझी पोस्टाय, ओला, सर्व. लोणीसुद्धा.

मी निवेदन तयार ठेवले होते : दोघांना शब्द दिला व दोघांचा पाळला. ते पूर्ण होण्याआधी ट्रोल्स म्हणाला, "बाबा, चूक माझी आहे." सिसेल म्हणाली, "एकट्याची नाही. आपण दोघांनी तिला वाटून घेतलं." मग तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. असे मी त्यांच्याकडे पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.

त्यांचे ठरले आहे. घरात व्हीगन, बाहेर व्हिगाला हवे ते. आणि तू काय खाल्लेस, असे यापुढे तिला कोणीही विचारायचे नाही. बुधवारी ती शाळेतल्या पाळणाघरात थांबेल. "तुम्हालाही दगदग नको, एव्हाल्ड," असे सिसेल म्हणाली. मला दगदग होत नव्हती, असे सांगणार होतो. परंतु ती कोट घालू लागली होती. बुधवार पुन्हा केव्हापासून, असे मी ट्रोल्सला विचारले. "बघू, बाबा," असे तो म्हणाला.

दोघे हातात हात घालून गाडीकडे गेले. संसार सावरला. हे कार्य मुख्यतः माझ्या तटस्थतेमुळे घडले.

बुधवार, २३ ऑक्टोबर
सकाळी पोस्टाय भाजली. केवळ सवय. शेजारीण गुड्रून कुंपणावरून म्हणाली, "आज पाहुणी नाही वाटतं? की तुमच्या स्वयंपाकाला कंटाळली?" मुलीचा अभ्यास वाढला आहे, असे मी कळवले. पहिलीत अभ्यास असतो.

दुपारी फोन वाजला. व्हिगा. "आजोबा, मी आहे." मी म्हटले, बरे. पलीकडे मुलांचा गोंगाट होता. तिला काय खाल्लेस असे विचारायचे नाही, हे ठरलेले आहे व ते मी पाळले.

दुसरे काय विचारावे, ते सुचेना. मग तिला कोणीतरी खेळायला बोलावले.