बोकडाचे अठरा गुडघे

३ फेब्रुवारी, सोमवार
पीएचडीचं हे शेवटचं एक्स्टेन्शन. यवतमाळात मेकॅनिकल शिकवता शिकवता आठ वर्षं गेली. आता शिस्त. रोज पाचला उठणार. विषय सोपा आहे. गुडघ्यात दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट हळू ओढलं तर किती जोरावर तुटतं, झटक्यात ओढलं तर किती. आर्णीच्या खाटकाकडून बोकडाचे अठरा गुडघे आणले. लॅब असिस्टंट हिरासिंग मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर. बरंच झालं. लुडबुड नको.

७ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. फ्रीजरमधल्या दोन गुडघ्यांचा बायकोनं रस्सा केला. सत्यशीलाला संशोधनाची कदर नाही. रस्सा बरा होता. उरले सोळा.

१२ फेब्रुवारी
पहिलाच गुडघा लॅबमधल्या ओढायच्या मशीनच्या पकडीतून निसटला आणि कपाटामागे गेला. निघत नाही. दोष पकडीचा. उरले पंधरा. उलट तीन वेगांत छान भाग जातो.

२० फेब्रुवारी
पाच हळू, पाच मध्यम, पाच झटक्यात. सगळे तुटले. झटक्याचे जरा सावकाश वाटले, पण उत्सुकतेत वेळ लांबतोच. आणि निकाल! तिन्ही वेगांना जोर जवळपास तोच. झटक्यात ओढलं की लिगामेंट जास्त जोर सोसतं, असं पुस्तकांत आहे. म्हणजे पुस्तकं चुकली.

२२ फेब्रुवारी
माझ्या गाईड दीपमाला मॅडम म्हणाल्या, पुन्हा तपासा. मोठं काही हाती लागलं की गाईड असंच बोलतात. पेपर परस्पर कॉन्फरन्सला पाठवला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

५ मार्च
हिरासिंग रजेवरून आला. त्याला ग्राफ दाखवले. त्यानं विचारलं, स्पीड कशानं बदलला. म्हटलं, बटनानं. तो म्हणाला,
"सर, ते बटन दोन वर्षांपासून नुसतंच फिरते. मशीन एकाच स्पीडनं चालून राह्यली."
मग आधी का नाही सांगितलं, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.
"तुम्ही कधी मशीनले हातच नाही लावला, सर."
जेवलो नाही.

६ मार्च, दुपारी १२
मॅडमना फोन केला. पेपर आजच मागे घ्या म्हणाल्या. मग विचारलं, प्रत्यक्ष स्पीड मोजला होता का. मी म्हणालो, बटनावर लिहिला होता.