काहीच दिसत नाही

४ नोव्हेंबर, मंगळ.
प्लेट पुन्हा बघितली. थेंब सगळे स्वच्छ. प्रोटीन नुसतं पाण्यात बसलंय, क्रिस्टल व्हायचं नाव नाही. आणि क्रिस्टल झाल्याशिवाय एक्स-रेने त्याचा आकार दिसणार नाही. सर म्हणाले, "पल्लवी, पेशन्स." पेशन्स गेला खड्ड्यात. दादूसला, आमच्या मंगेशदादाला, परत न्यूमोनिया.

डोंबिवलीहून वहिनीचा फोन. "तुझं कळलं की आम्ही ठरवू गं." ठरवायचं म्हणजे मूल होऊ द्यायचं की नाही. दादूसच्या एका प्रोटीनमध्ये एक अक्षर बदललेलं आहे. डॉक्टर म्हणाले, हा परतपरतचा आजार त्यानेच होतो का ते कोणालाच माहीत नाही. त्यानेच होत असेल तर मुलालाही यायची निम्मी शक्यता. मी शहाणी तेव्हा बोलून गेलेले, "मी बघून सांगते." आता बघतेय.

२३ नोव्हेंबर, रवि.
जेवताना बाबा: "तुजा ता डोमेन करतं काय पन?"
सांगितलं. डोमेन म्हणजे प्रोटीनचा एक कामाचा तुकडा. पेशीला बाहेरून निरोप आला की आतल्या एका प्रोटीनला फॉस्फेट चिकटतो. आमचं डोमेन तो फॉस्फेट खिशात धरतं, मग निरोप पुढे जातो. धरला नाही तर पेशी ठार बहिरी.
"मंजे मंगेशच्या पेशी बहिऱ्या हायेत क काय?"
तेच तर बघायचंय, बाबा. दादूसचं अक्षर खिशाच्या अगदी शेजारच्या लूपमध्ये, साखळीच्या सैल वळणात आहे. तिथे काय बिघडलंय ते दिसलं पाहिजे, बस. बाकीचं डोमेन गेलं तेल लावत.

९ डिसेंबर, मंगळ.
क्रिस्टल! चौकोनी, चकचकीत, देखणे. सरांना ओरडून बोलावलं. एकाला सुई लावली, कट्कन फुटला. प्रोटीन असतं तर मऊ दबलं असतं. मीठ निघालं.

घरी सांगितलं तर बाबा पोट धरून हसले. "मीठच पिकवाचा व्हता त आजाचा मिठागर काय वायट व्हता गो?" मीपण हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. चार वर्षं शिकून मी पण मीठच काढतेय.

१६ जाने., शुक्र.
आले. खरे. दादूसच्याच अक्षराच्या प्रोटीनचे क्रिस्टल, सुईसारखे बारीक. दबले मऊ. एक्स-रेचा डेटापण चांगला निघाला. लॅबमध्ये सगळे केक आणू म्हणत होते. मी नको म्हटलं. दादूस ॲडमिट आहे, मला केक कसला गिळतोय.

११ फेब्रु., बुध.
एक्स-रेवरून प्रोटीनचा नकाशा आला. सगळं डोमेन सुरेख, खिसा सुरेख. आणि दादूसच्या लूपच्या जागी भोक. रिकामं. लूप हलत राहतो, क्रिस्टलमधल्या प्रत्येक रेणूत वेगळ्या जागी, म्हणून काही उमटतच नाही. इतर कुठलाही तुकडा गेला असता रे देवा, हाच कसा नेमका.

आईचा फोन आलेला. "बाय, दिसला का काय?"
"काहीच दिसत नाही गं तिथे."
"काहीच नाय?"
"काहीच नाही."
आई रडायला लागली. मला वाटलं, तिला कळलं. मीपण रडले.

१२ फेब्रु., गुरु.
काल घोडबंदरला बस तासभर एकाच जागी. घरी पोचले तर एकवीरा आईच्या फोटोपुढे नारळ फोडलेला, शेजारीपाजारी पेढे वाटून झालेले.

चुकलं माझंच. आमच्या घरात सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणजे सुटलो. आईने तेच ऐकलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलेलं ते आनंदाचं होतं, आणि मी मूर्ख फोनवर तिच्या सोबतीला रडत होते.
"आई, तसं नाही गं..."
"गप. वहिनीला सांगून झालाय." तोंडात पेढा कोंबला.

१५ फेब्रु., रवि.
डोंबिवली. सांगायचं ठरवूनच गेलेले. वहिनीने बोंबील तळलेले, गाणं गुणगुणत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, मी तिला गाताना ऐकलं नव्हतं.
म्हटलं, "वहिनी, न दिसणं म्हणजे नसणं नाही हां."
"पुरे गं तुझं सायन्स. अजून एक घे."
घेतला. पुढे तोंड उघडलं ते फक्त बोंबील खायला.

५ मार्च, गुरु.
सर खूश. "स्ट्रक्चर उत्तम आहे. लूप डॉटेड लाइनने दाखव, सगळे तसंच करतात." बाइंडिंगचे आकडे मागितले. तेही धड नाहीत. एका दिवशी डोमेन फॉस्फेट धरतं, दुसऱ्या दिवशी सोडतं.
"सर, हा लूप दिसेल असा दुसरा क्रिस्टल?"
"कशाला? पेपर होतोय ना?"
पेपर होतोय. माझा भाऊ त्यात टिंबांची एक रेघ.

१९ एप्रिल, रवि.
वहिनीला दिवस गेलेत. आईने डोंबिवलीहून दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तेच सांगायला. मी ओरडले, नाचले, सगळं केलं.

डोंबिवलीला गेले. वहिनी चेहऱ्याने पिवळी, पण हसतेय. निघताना दादूस रिक्षापर्यंत आला. जिन्यात थांबून खोकला.
"पल्लू, नक्की काही दिसलं नाही ना?"
"नाही दिसलं."
"मग झालं तर." टपली मारली डोक्यात, लहानपणी मारायचा तशी.

खरं तेच बोलले मी. खोटं कुठे बोलले?

आत्ता वहिनीचा मेसेज आलाय. उद्या सोमवारी डॉक्टरांकडे तूपण ये, तुझ्या दादाचं ते काही दिसलं नाही ते तूच त्यांना नीट सांग, मला नाही जमणार समजवायला.
हो लिहून पाठवलं.