लष्करी जनरेटर आणि खांबावरचा माणूस

सर, गेल्या पावसाळ्यात मी लष्कराच्या लिलावातून आलेला एक जुना जनरेटर एका घराला जोडला. काम तीन दिवस चाललं आणि तिन्ही दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलत होते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता पेणला माझं स्वतःचं दुकान आहे. पाटी रंगवणाऱ्यानं दोनदा विचारलं, "ताई, 'वायरमन'च लिहू ना?" लिही म्हटलं. सर्टिफिकेटावर तेच लिहिलंय.

ते घर वडखळच्या पुढे, खाडीच्या अंगाला. मालक कित्येक वर्षं मस्कतला होते, आता कायमचे परत आलेत. त्यांच्या म्हाताऱ्या आईला दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनचा आधार लागतो, आणि आमच्याकडे पावसात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही. म्हणून त्यांनी एका भंगारवाल्याकडून हा जनरेटर आणला. गडद हिरवा, लोखंडी चौकटीत बसवलेला, अंगावर पुसट झालेले पांढरे आकडे. उतरवायला सहा माणसं लागली. मालक खुशीत होते. म्हणाले, "ताई, मागच्या पडवीत ठेवू, भिजायचा नाय. आनि वायर सरळ प्लगात घाला. लाईट गेलेलीच असते, कोनाला काय होनार?"

हेच मी एकदा केलं होतं, रोह्याला, ट्रेनिंग सेंटरच्या गॅदरिंगला. ऐन कार्यक्रमात लाईट गेली. मी दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर पाच मिनिटांत तयार केली, एक टोक भाड्याच्या जनरेटरला, दुसरं भिंतीवरच्या प्लगला. हॉल उजळला, टाळ्या पडल्या. अख्ख्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी, मला आभाळ ठेंगणं झालं होतं. तुम्ही आलात, जनरेटर बंद केलात आणि सगळ्यांसमोर पक्कडीनं त्या वायरचे तुकडे केलेत. "खांबावर कोन चढलाय ते तुला हितून दिसतंय काय?" एवढंच बोललात. मी रडले नाही, पण दोन आठवडे तुमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मग एका रविवारी तुम्ही मला रोह्याजवळच्या अष्टमी गावात एका घरी घेऊन गेलात. तुमचे जुने लाईनमन मित्र. पुढच्या खोलीत त्यांचं किराणा दुकान होतं. साखर तोलत होते, डाव्या हातानं. उजवा कोपरापासून नव्हता. मीच विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "लाईन बंद करूनच चढलो होतो, बाय. खाली कुनाच्या तरी बंगल्यात जनरेटर चालू होता. त्याची वीज उलटी तारेत आली." घरातली साधी वीज डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी गेली की हजारो व्होल्टची होते, हे तुम्ही वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी ते वहीत उतरवलंही होतं. पण कळलं त्या दुकानात.

तर मालकांना मी नाही म्हणाले. आधी जागा बदलली. पडवीला लागून त्यांच्या आईची खिडकी. धूर तिथून आत गेला असता तर ऑक्सिजनचं मशीन काय कामाचं? अंगणाच्या टोकाला ओटा घालून वर पत्रा टाकला, बाजू मोकळ्या ठेवल्या. जनरेटरच्या अर्थिंगसाठी खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं. मीठ मालकांनी शेजारच्या मिठागरातून पोतंभर आणलं. मीटरजवळ चेंजओव्हर बसवला, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. हँडल वर केलं की कंपनीची लाईन, खाली केलं की जनरेटर. दोन्ही एकत्र होणंच शक्य नाही.

तिसऱ्या दिवशी इंजिन चालू केलं, पण घर जोडलं नाही. आधी बल्ब लावले, तुमच्या पद्धतीनं. बल्ब डोळ्यांत खुपतील इतके पेटले. जनरेटरचा काटा दोनशे तीसवर शांत उभा आणि माझा मीटर सांगतोय दोनशे ऐंशी. काटाच अडकलेला होता. थेट जोडलं असतं तर आजीबाईंचं मशीन तिथंच जळलं असतं. मी नॉब हळूहळू फिरवून व्होल्टेज उतरवलं, तासभर बल्बांवर चालवून पाहिलं, आणि मगच हँडल खाली ओढलं.

आठवड्याभरात वादळ झालं आणि त्यांच्या दारासमोरच तारेवर आंब्याचं झाड पडलं. मी चौकशीला गेले तर जनरेटर चालू, आत मशीन चालू, आणि दारात लाईनमन उभा. "जोडलाय कुनी हा?" त्यानं जरा घुश्शातच विचारलं. मी चेंजओव्हरची पेटी उघडून दाखवली. त्यानं हँडल पाहिलं, खड्डा पाहिला, तरीही स्वतःच्या टेस्टरनं तारा तपासल्या, त्यांना अर्थिंगची साखळी अडकवली आणि मगच चढला. बरं वाटलं मला, कुणाच्या शब्दावर चढला नाही ते. आतून आजीबाईंनी नळी जरा बाजूला करून हाक मारली, "गो बाय, वर गेलाय त्याला सांग, च्या घेतल्याबिगर जाऊ नको म्हनावं." तो वरून म्हणाला, "व्हय आजी, साखर जास्त घाला."

आता त्या गावातून मला तीन घरांची बोलावणी आली आहेत. तिघांनाही मी आधीच सांगितलंय, चेंजओव्हरशिवाय येणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. हँडल पहिल्यांदा खाली ओढायच्या आधी मी मालकांना म्हणाले होते, "थांबा, इंजिन थोडं गरम होऊ द्या." इंजिन केव्हाच गरम झालं होतं, सर. मला भीती वाटत होती.