निळू हातावरचं खातो

नाशिक,
९ फेब्रुवारी २०२५

ती. धोंडीराममामा यांस,
शि. सा. नमस्कार.

१. सोमवार ते गुरुवार मी कंपनीच्या कामाला पुण्यात होते. घर आणि खाऱ्या पाण्याची माशांची टाकी तुमच्यावर सोपवली होती.
२. मंगळवारी मोठा पिवळा मासा तोंड उघडून तिरका उभा राहिला. बोटभर लांबीचा, निळ्या पट्ट्याचा मासा त्याच्या तोंडात शिरला.
३. मोठा छोट्याला गिळतोय असं समजून तुम्ही चहाच्या गाळणीने छोट्याला बाहेर काढलंत. हे तीनदा झालं.
४. मग छोट्याला टाकीतलंच पाणी घालून बादलीत ठेवलंत.
५. गुरुवारी मी आले तेव्हा छोटा बादलीत जिवंत होता.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून खुलासा लिहून देते. तो सफाई करणारा मासा आहे. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे, तोंडातले बारीक किडे खाऊन तो जगतो. मोठे मासे त्यासाठीच तोंड उघडून थांबतात. तुम्ही त्याला मरणातून वाचवलं नाहीत, जेवणावरून उठवलंत.

पण माझ्या टाकीत आता किडे जवळजवळ उरलेले नाहीत. एकवीस जानेवारीला त्याला आणलं, तेव्हापासून अकरा प्रकारचं खाणं टाकून पाहिलं. एकालाही तोंड लावलं नाही. पोट खपाटीला गेलं. उपाशी मरू देण्यापेक्षा परत द्यावा, म्हणून दुकानदाराला विचारलं. एकोणीस तारखेपर्यंत परत घेईन म्हणाला.

आता विचित्र गोष्ट. मी रोज पट्टी लावून त्याचा फोटो काढते. जाण्याआधी पोट सात मिलिमीटर होतं, आल्यावर आठ. बादलीत काय घडलं?

मी रागावलेले नाही. मात्र पुढच्या वेळी किल्ली शेजारच्या कुसाबाईंकडे ठेवीन. त्या पाण्यात हात घालत नाहीत. योगेशदादा सुट्टीला तिकडे कळवणला घरी येतोय, हे पत्र त्याच्याबरोबर देते. मामींना नमस्कार.

आपली,
वेदिका


कळवण,
११ फेब्रुवारी २०२५

चि. वेदिकास अनेक आशीर्वाद.

तुझा पंचनामा पोचला. पाचही कलमं कबूल. सहावं तुला ठाऊक नाही, ते मीच लिहितो. गुरुवारी सांगणार होतो, पण तू बादली बघताच आधी पट्टी काढलीस, मग माझी हिंमत झाली नाही.

बादलीतलं पाणी लय गार झालं का, ते बघायला मी हात घातला. तुझ्या फ्रिजवरच्या कागदावर चौथी सूचना होती की पाण्यात हात घालू नये. घातला. कांदे लावून लावून हाताला भेगा पडल्यात, खारं पाणी असं झोंबलं की विचारू नको. काढणार तेवढ्यात तुझा निळू (मी त्याला निळू म्हणतो, तू नाव ठेवलंच नाहीस) आला आणि भेगांवरची सुकी कातडी टोचून टोचून खायला लागला. गुदगुल्या झाल्या. मी एकटाच हसत बसलो.

कालवणाला मासा आणला होता, त्यात गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली. थोडी पाण्यात टाकली, तर ती त्याच्या नाकासमोरून खाली गेली, याने ढुंकून पाहिलं नाही. तीच हाताच्या पाठीला चोपडली आणि हात बुडवला. दाणा दाणा वेचून खाल्ला. दोन्ही दिवस, सकाळ-संध्याकाळ. त्याला पुढ्यात वाढलेलं चालत नाही, कुणाच्या तरी अंगावरचं लागतं. लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा तुलाही माझ्याच हातचा घास लागायचा. आता कबूल करायची नाहीस.

किल्ली खुशाल कुसाबाईंकडे ठेव. माझं काही म्हणणं नाही. फक्त निळूला दुकानात धाडण्याआधी एकदा हात घालून बघ. योगेश उद्या परत निघतोय, त्याच्याच हाती हे देतो. मामी म्हणते, तूही जेवत जा.

तुझा,
मामा


नाशिक,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

गुरुवारी रबरी मोजा घालून, त्यावर गाबोळी लावून हात बुडवला. मी नेहमी मोजे घालते. तो आला नाही. शुक्रवारी मोजा काढला. जवळ आला आणि वळला. साबणाचा वास असणार. शनिवारी हात फक्त टाकीतल्याच पाण्याने धुतला आणि कोपरापर्यंत आत ठेवून बसून राहिले.

सात वाजून दहा मिनिटांनी तो आला. मनगटापासून सुरुवात केली. चौदा वेळा टोचलं, मी मोजलं. मामा, मी ओरडले. कुसाबाई दार वाजवून विचारून गेल्या की काय झालं. मी सांगितलं की निळू जेवला. त्या म्हणाल्या की त्यांना वाटलं, साप निघाला. रविवारी एकवीस वेळा, काल एकतीस. भेगा नसल्या तरी चालतं. पोट नऊ मिलिमीटर. आणि काल मी हात काढायच्या बेतात असताना मोठा पिवळा त्याच्या शेजारी येऊन तोंड उघडून उभा राहिला. निळू माझा हात सोडून आत शिरला. मला गाळणी घ्यावीशी वाटली नाही, पण तुम्हाला ती का घ्यावीशी वाटली ते कळलं.

दुकानदाराला आज फोन केला. मासा परत देणार नाही.

फ्रिजवरच्या कागदावरची चौथी सूचना खोडली आहे. घासाचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे.

सोमवारपासून मला सहा दिवस पुन्हा बाहेर जायचंय. कुसाबाई पाण्यात हात घालत नाहीत, म्हणून किल्ली त्यांच्याकडे ठेवलेली नाही. ती या पाकिटात आहे. गाबोळी आणून ठेवते. तुमच्या भेगांसाठी मलम ठेवते. ते टाकीचं काम आटपल्यावरच लावायचं. लोभ आहेच, तो मोजत नाही.

येताय की नाही, ते शनिवार, २२ फेब्रुवारीपर्यंत कळवा.

तुमची,
वेदिका