माळ बेंबीला टेकली

अमरच्या आई,

तू वाडीला दत्ताचं दर्शन करून येशील तवा घराला कुलूप असंल. अमर मला राजारामपुरीतल्या दवाखान्यात घेऊन गेलाय. गेल्या आठवड्यात सीटी स्कॅन केलाय, तुला बोललो न्हाय. स्वादुपिंडावर गाठ दिसतीया. तिनं पित्ताची नळी दाबली म्हणून ही कावीळ, असं डॉक्टर म्हणतोय. आज तोंडातनं दुर्बीण घालून सुईनं गाठीचा कण काढणार हाईत. कॅन्सर हाय का न्हाय, ते कण तपासल्यावरच कळंल म्हणं. नुसत्या रक्तावरनं नक्की सांगता येत न्हाय.

उपाशी जायचं हुतं, म्हणून तुझी भाकरी तशीच हाय. म्हशीला घाल. अमरवर वरडू नको. पोरगं ह्या तपासणीसाठी रोज मागं लागलंतं, मीच थांब म्हणत हुतो.

काविळीची माळ गळ्यात घालताना तू म्हणालतीस, माळ वाढत बेंबीपतूर आली की कावीळ उतरती. काल ती बेंबीला टेकली. आरशात बघितलं, डोळे हळदीगत पिवळेच. तवाच अमरला हाक मारली.

माळ देवघरात ठेवलीया. टाकू नको.